सत्ताविसाव्या खांद्याची गादी

मित्रांनो, मी एक जुनी गादी आहे. पण माझ्यावर कुणी बसत नाही की झोपत नाही. ग्वाटेमालातल्या आमच्या गावात गुड फ्रायडेला क्रूस वाहणाऱ्या येशूची पालखी निघते. एका वेळी ऐंशी माणसं ती उचलतात आणि दर टप्प्याला बदलतात. पालखीच्या दांड्याला प्रत्येक खांद्यासाठी एक चामडी गादी ठोकलेली आहे. त्यांतली सत्ताविसावी मी.

नीकानोर नावाच्या खोगीरवाल्यानं मला एका टाकून दिलेल्या खोगिरातून कापलं आणि मेंढीची लोकर भरून शिवलं. म्हणजे आधी मी खेचराच्या पाठीवर होते. ते खेचर दिवसभर कॉफीची पोती वाहायचं, पण कधी गाजावाजा केला नाही. मग मी माणसांच्या खांद्यावर आले, आणि माणसांबद्दलचा माझा आदर तिथेच संपला.

कारण गादीला फसवता येत नाही. खांदेकऱ्याचा जांभळा झगा, खाली घातलेली मान, गालांवर पाणी. बघणाऱ्या बाया म्हणतात, काय हा पश्चात्ताप! मला मात्र कळतं की खांदा नुसता टेकलाय. वर्षभर बायकोला बडवणारे इथे टाहो फोडतात आणि टप्पा संपला की मक्याची गरम पेज प्यायला पळतात. एक जण तर झग्याखाली दोरी बांधून यायचा. वळ उठला म्हणजे चार लोकांना दाखवता येतो ना!

या सगळ्यांत मला किळस यायची ती इलारियो बेकरीवाल्याची. खांदेकऱ्यांना खांद्याच्या उंचीनं जागा देतात. इलारियो त्याच्या रांगेत बोटभर उंच, म्हणजे वजन त्याच्यावर यायला हवं. हा पठ्ठ्या गुडघे वाकवून चालायचा. डोळे गच्च मिटून "प्रभू, मी पापी आहे" पुटपुटायचा आणि पालखी मागच्या प्रोस्पेरो खाटकावर टाकायचा.

"इलारियो, गुडघे सरळ कर की रे!" प्रोस्पेरो दात खाऊन म्हणायचा. "पाप तुझं आणि खांदा माझा मोडतोय!"

पाप काय होतं ते गावाला ठाऊक होतं. इलारियोच्या मुलीनं, ओदिलियानं, मारिंबा हे लाकडी पट्ट्यांचं वाद्य वाजवणाऱ्याशी लग्न केलं म्हणून यानं तिला घराबाहेर काढलं. पुढे तिची आई वारली, तेव्हा दाराला आतून कडी लावली आणि पोरीला शेवटचं तोंडही बघू दिलं नाही. ओदिलिया चर्चच्या मागच्याच गल्लीत राहते. पालखी तिच्या दारावरून जाते. दरवर्षी ती दारासमोर पालखीच्या वाटेवर रंगवलेल्या लाकडी भुशाचा गालिचा घालायची आणि तिचा बाप मिटल्या डोळ्यांनी तो तुडवून जायचा. वर दरवर्षी तोच टप्पा मागून घ्यायचा! मला वाटायचं, कोडगेपणाचीही हद्द असते.

अकरा वर्षं असं चाललं. बाराव्या वर्षी आम्ही त्या गल्लीत अर्ध्यावर आलो, तसे इलारियोचे पाय अडखळले. मग मला कळलं: डोळे मिटलेले असताना तो मुलीचं दार पायांनी ओळखत होता. भुसा मऊ लागला की तिचं दार आलं. त्या दिवशी पायाखाली नुसते दगड होते.

त्यानं डोळे उघडले. ओदिलिया उंबऱ्यापाशी बुटक्या स्टुलावर हाताची घडी घालून बसली होती.

इलारियोनं गुडघे सरळ केले. बारा वर्षांत पहिल्यांदा सगळं वजन माझ्यातून त्याच्यात उतरलं आणि माझी लोकर पार लाकडाला चिकटली. चार पावलं तो तसा चालला. मग खांदा काढून तो बाहेर पडला.

"अरे, भर टप्प्यात खांदा टाकतोस?" प्रोस्पेरो ओरडला. "देव बघतोय!"

"देवाला उचलायला तुम्ही एकोणऐंशी आहात," इलारियो म्हणाला.

बँडवाल्यांनी वाजवणं सोडलं नाही, पण पालखी संथच चालली होती, म्हणून मला पुढचं ऐकू आलं. तो तिच्यासमोर उभा राहिला. "पोरी, आईचं तोंड तुला बघू दिलं नाही. मी लई वाईट वागलो."

"गालिचा घालून घालून हात दुखले, बाबा," ओदिलिया म्हणाली. "तुमच्या पायांना कितीदा बोलवायचं?" मग ती उठली. "आत या म्हणणार नाही अजून. बसा इथे." आणि स्टूल तिनं त्याच्याकडे सरकवलं.

उरलेला टप्पा मी रिकामीच गेले. लोक छी-थू करत होते. मला मात्र बोलायला तोंड राहिलं नव्हतं. अकरा वर्षं मी त्या खांद्याचं वजन जोखत होते, पण तो तोच टप्पा का मागतो हे एकदाही मनात आलं नाही. माणसांना हसता हसता मीही खेचराइतकी साधी राहिले नव्हते.

पुढच्या वर्षी ओदिलियाच्या दारात पुन्हा गालिचा होता. कडेला इलारियो गुडघ्यांवर बसून हिरवा भुसा चाळत होता. माझ्याखाली आता नवा खांदा आहे, तोही गुडघे वाकवतो.

मित्रांनो, माझं चामडं तडकलंय, लोकर गोळा झालीय. जमलं तर तेवढी बदला. आणि माझ्याखाली यायचं असेल, तर आधी ज्याच्या दारात जायचं राहिलंय तिथे जाऊन या. तोवर मी रिकामी राहीन, माझी काही तक्रार नाही.