पेपरमिंटची गोळी

वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर आजारात बोलणं गेलेल्यांसाठी शनिवारी भरणाऱ्या वर्गाचा नियम साधा होता. आजारी माणसाच्या तोंडचा शब्द त्याच्या घरच्या माणसाने पळवला, तर घरच्या माणसाने पेपरमिंटची गोळी तोंडात ठेवायची आणि ती विरघळेपर्यंत एक अक्षर काढायचं नाही. हाताची घडी, तोंडावर बोट. चावून संपवलेली गोळी धरली जात नसे.

मिस्त्रीणबाईंना पहिली गोळी खुर्चीवर बसायच्या आतच मिळाली.

"चहा घेणार?" असं मॅडमनी मिस्त्रींना विचारलं होतं. मॅडम म्हणजे बोलणं परत शिकवणाऱ्या, वर्ग चालवणाऱ्या.

"बिनसाखरेचा, आणि कप अर्धाच भरा, हात थरथरतो," बाईंनी सांगून टाकलं. समोरून कुणीतरी हसत गोळ्यांचा डबा पुढे केला.

बाईंना राग आला. यात चुकलं काय? त्यांच्या नवऱ्याच्या डोक्यात रक्ताची गुठळी झाली, पाय सावरला, उजवा हात निम्मा सावरला, पण शब्द गेले. समजतं बरंचसं, ओठापर्यंत काही येत नाही. अशा माणसाच्या वतीने बायकोने नाही बोलायचं तर काय शेजारणीने? शिवाय बोलणं हा बाईंचा पहिल्यापासूनचा प्रांत होता. मिस्त्री शिलाई मशीन दुरुस्त करायचे. घराखालच्या दुकानात ते मशीनला कान लावून बसत आणि गिऱ्हाइकांशी तोंड चालवायचं काम बाईंचं. संसार तसाच चालला होता आणि बरा चालला होता.

आता दुकान बंदच होतं. सोमवारी ते बाईंच्या धाकट्या भावाच्या ताब्यात जायचं होतं. तो तिथे रंगाचे डबे विकणार होता, आणि जुनी मशीनं भंगारवाला उचलणार होता. बाईंनी हे नवऱ्याला न विचारता ठरवलं नव्हतं. रीतसर खाटेवर शेजारी बसून विचारलं होतं, "दुकान देऊन टाकू या ना?" मिस्त्री म्हणाले होते, "हो." केवढं ओझं उतरलं होतं त्या एका शब्दाने! दवाखाना, व्यायाम, औषधं, वर बंद दुकानाची काळजी. बाई थकल्या होत्या, आणि थकलेल्या माणसाला "हो" फार गोड लागतं.

गोळी जिभेखाली सारून बाई बघू लागल्या. वर्गात एक कंडक्टर होता. जन्म बसमध्ये ओरडण्यात गेलेला, आणि आता त्याच्याकडे उरलेले शब्द दोन मुठींत मावतील इतके. मॅडमनी त्याला विचारलं, "खिडकी उघडू?"

"हो," कंडक्टर म्हणाला.

मॅडम उठल्या नाहीत. त्यांनी तोच प्रश्न उलटा विचारला. "खिडकी बंदच ठेवू?"

"हो!" तो म्हणाला आणि त्याने स्वतःच्याच कपाळावर हात मारून घेतला. सगळा वर्ग हसला, तोही हसला. समोर दोन पाट्या होत्या, एक बरोबरच्या खुणेची, एक फुलीची; त्याने फुलीच्या पाटीवर बोट ठेवलं. मग मॅडमनी उठून खिडकी उघडली.

"इथे सगळ्यांना दोनदा विचारतो आम्ही," मॅडम नव्या मंडळींसाठी म्हणाल्या. "एकदा सरळ, एकदा उलटं, आणि मग बोट कुठे जातं ते बघायचं. तोंडाला 'हो' सोपं जातं, म्हणून तेच बाहेर पडतं. आत 'नाही' असलं तरी."

मग त्या मिस्त्रींकडे वळल्या. "तुम्ही सुतारकाम करता?"

"हो," मिस्त्री म्हणाले. लगेच त्यांचं तोंड वाकडं झालं आणि बोट फुलीवर गेलं. एकदा नाही, दोनदा आपटलं.

बाईंच्या तोंडातली गोळी तशीच राहिली. खाटेवरचा तो "हो" त्यांना आठवला. म्हटल्याबरोबर मिस्त्रींनी डाव्या हाताने चादर मुठीत धरली होती आणि भिंतीकडे तोंड केलं होतं. बाईंनी मनाशी म्हटलं होतं, वाईट वाटणारच, एवढ्या वर्षांचं दुकान. आणि त्या कुकर लावायला निघून गेल्या होत्या.

रविवार बाईंनी टाळाटाळीत काढला. खरं सांगायचं तर त्यांना परत विचारायचंच नव्हतं. उत्तर "नाही" आलं तर भावाला काय सांगायचं, घर कसं चालवायचं? एक "हो" मिळाला होता, तो मुकाट्याने पदरात घ्यावा असंही मनात येऊन गेलं. त्याची त्यांना लाज वाटली, पण रविवार तसाच गेला.

सोमवारी सकाळी भाऊ आला, मागे हातगाडी घेऊन भंगारवाला. मिस्त्री जिना उतरून दुकानात येऊन बसले होते, आपल्याच स्टुलावर. भाऊ पहिल्या मशीनला हात घालणार तोच बाई म्हणाल्या, "थांब."

त्यांनी एका पुठ्ठ्यावर बरोबरची खूण केली, दुसऱ्यावर फुली, आणि दोन्ही नवऱ्यासमोर ठेवले.

"अहो, दुकान देऊन टाकायचं?"

"हो," मिस्त्री म्हणाले.

"झालं की मग!" भाऊ म्हणाला.

"गप रे. अहो, दुकान ठेवायचं?"

"हो." मिस्त्रींचा चेहरा लाल झाला. डावा हात उठला, दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये घुटमळला.

"सावकाश," बाई म्हणाल्या. "परत विचारते. द्यायचं?"

बोट फुलीवर आलं.

"ठेवायचं?"

बोट बरोबरच्या खुणेवर गेलं आणि तिथेच दाबून राहिलं. नख पांढरं पडलं.

"ताई, अगं समजून घे," भाऊ काकुळतीला आला. "गिऱ्हाइकाशी बोलणार कसे दाजी? बोलणाऱ्याची माती विकते, न बोलणाऱ्याचं सोनंही पडून राहतं."

"बोलायला मी आहे. आधीही मीच होते," बाई म्हणाल्या. "हात किती चालेल ते बघू. नाही चाललं तर तुलाच देऊ दुकान, पण त्यांना विचारून. दोनदा."

भाऊ फुरंगटून गेला. भंगारवाला रिकामी गाडी घेऊन त्याच्या मागून गेला, जाताना पुटपुटत. रस्ता शांत झाल्यावर बाईंनी दुसरं स्टूल ओढलं. एक प्रश्न अजून राहिला होता.

"माझ्यावर रागावलात?"

"हो."

"नाही ना रागावलात?"

मिस्त्रींनी पुठ्ठ्यांकडे पाहिलं आणि बोट बरोबरच्या खुणेवर ठेवलं. बाईंना कळेना, कुठल्या प्रश्नाचं हे उत्तर. म्हणून त्यांनी धीर करून पहिला प्रश्न पुन्हा विचारला. "रागावलात?"

बोट हललं नाही. रागावले होते. बाईंचे डोळे भरून आले, आणि सवयीने त्या बोलू लागल्या, "अहो, मी काय मुद्दाम केलं का, मला काय माहीत, तुम्हीच तर—"

मिस्त्रींनी खिशात हात घातला. शनिवारच्या डब्यातून केव्हा उचलली होती कोण जाणे, एक पेपरमिंटची गोळी काढून त्यांनी बायकोच्या तळहातावर ठेवली. ओठाचा एक कोपरा हसत होता.

बाईंनी डोळे पुसले, गोळी तोंडात टाकली आणि हाताची घडी घातली.

मिस्त्री जवळच्या मशीनच्या चाकावर डावा हात ठेवून बसले. ओठ हलले, थांबले, परत हलले. शब्द कोणता ते बाईंना केव्हाच कळलं होतं, जिभेच्या टोकावर तयार होता. त्यांनी तो गोळीबरोबर गिळला. गोळी बारीक होत होत पार विरघळून गेली, तरी त्या बोलल्या नाहीत.

"दु," मिस्त्री म्हणाले. मग बऱ्याच वेळाने, "दुकान."

बाईंनी मान हलवली आणि पुढचा शब्द येतो का, याची वाट पाहत बसल्या.