ह्यूसाहेबांची प्रार्थना

"आता ही शेवटची खाट, पास्टर. मग जेवून जरा पडा. संध्याकाळी अंबरपेठेत सभा आहे," जयपॉल म्हणाला.

रेव्हरंड ह्यू कार्माइकल यांनी मान हलवली. न्यूझीलंडहून आल्यापासून त्यांचे दिवस असेच चालले होते. सकाळी कुणाच्या तरी घरी उपमा आणि प्रार्थना, मग कोठी भागातलं हे रुग्णालय, संध्याकाळी प्रवचन. ते इंग्रजीत बोलत, जयपॉल तेलुगूत सांगे. तो बोलत असताना ह्यू गप्प उभे राहत, आणि त्यांना वाटे, आपण पाण्याखाली उभे आहोत आणि लोक वर काठावर बसले आहेत.

दुपार होती. छतावरचा पंखा संथ फिरत होता. समोरच्या इमारतीवर दोघं जण कॉम्प्युटर क्लासची नवी पाटी चढवत होते. तिच्या पत्र्यावरचा उजेड वॉर्डाच्या भिंतीवर हलत होता.

खाटेवर उदगीरकडच्या तारामतीबाई होत्या. लेक भाग्यलक्ष्मी सासरी अंबरपेठेत राहायची, म्हणून त्यांना इथे आणलं होतं. तापात त्या कुणालाच ओळखत नव्हत्या. पोटच्या लेकीलाही नाही. डॉक्टरांनी आशा ठेवू नका म्हणून सांगितलं होतं. भाग्यलक्ष्मी उशाशी बसून त्यांच्या कपाळावर ओलं फडकं ठेवत होती.

ह्यूंनी प्रार्थना म्हटली. तारामतीबाईंचा हात हवेत काहीतरी चाचपत होता, तो त्यांनी धरला. आणि नेहमीप्रमाणे शेवटी हलकेच पुटपुटले, "उगंरा लेकरा म्याहाय."

हे शब्द त्यांचे लहानपणापासूनचे. त्यांचे वडील निजामाच्या मुलखात मिशनचे डॉक्टर होते. आई बाळंतपणात गेली, आणि ह्यूंना एका दाईनं सांभाळलं. पुढे वडील त्यांना घेऊन मायदेशी परतले. बोटीवर, अंधाऱ्या खोलीत, लहानगा ह्यू हेच शब्द स्वतःशी म्हणत झोपी गेला होता. बाकी सगळी भाषा समुद्रात विरघळली, एवढंच उरलं. अर्थ ठाऊक नव्हता. दाई रोज निजताना म्हणायची, तेव्हा प्रार्थनाच असणार. पाद्री झाल्यावर ते मरणाऱ्या माणसांपाशी ती म्हणू लागले. त्यांच्या गावातल्या लोकांना ते हिब्रू वाटे. स्वतःची बायको गेली तेव्हाही त्यांनी हेच म्हटलं होतं.

तारामतीबाईंनी डोळे उघडले.

"माय?" त्या म्हणाल्या. "कवा आलीस गं?"

भाग्यलक्ष्मीच्या हातातलं फडकं खाली पडलं. "आई! आई, म्या हाय, भाग्या!"

तारामतीबाईंची नजर सावकाश लेकीकडे वळली. "भाग्या," त्या म्हणाल्या. "जेवलीस का?"

भाग्यलक्ष्मी तोंडात पदर घालून रडायला लागली. मग जयपॉलकडे वळली. "मराठी आती क्या इनको?"

"नै अम्मा. प्रार्थना है उनकी."

"प्रार्थना कायकी भाई? बच्चा रोया तो माँ बोलती ना, वैसा है. चुप रे बच्चे, मैं हूँ. इत्ताच."

जयपॉल घुटमळला. संध्याकाळच्या सभेत ह्यू याच प्रार्थनेविषयी बोलणार होते. शेवटी त्यानं खाली बघत ह्यूंना अर्थ सांगितला.

ह्यू स्टुलावर बसले.

"सत्तरी आली माझी," ते म्हणाले. "मला वाटायचं, मी देवाशी बोलतोय."

जयपॉलनं ते, आणि ह्यूंच्या दाईविषयीही, भाग्यलक्ष्मीला सांगितलं. तिनं डोळे पुसले. "उनको बोलो, वो बाई इनसे बोल रही थी. अब्बी तक."

तारामतीबाईंनी ह्यूंचा हात सोडला नव्हता. त्या आता शांत झोपल्या होत्या. जयपॉलनं घड्याळाकडे पाहिलं.

"तू पुढे हो," ह्यू म्हणाले. "सभेतल्या लोकांना गाणी म्हणायला लाव. मी आलो तर आलो." मग थांबून म्हणाले, "जायच्या आधी हिला एक विचार. माझ्या दाईचं नाव मला माहीत नाही. कुणी सांगितलंच नाही, आणि मीही कधी विचारलं नाही. हिच्या मुलखातल्या बायकांची नावं काय असतात?"

जयपॉलनं तो प्रश्न भाग्यलक्ष्मीला सांगितला. ती आईचे विस्कटलेले केस सारखे करू लागली आणि गावाकडच्या म्हाताऱ्या बायका आठवत गेली.

"गोदावरी."

"गो-दा-वरी," ह्यू म्हणाले, आणि थांबले. मग त्यांनी नकारार्थी मान हलवली.

"सखुबाई. मुक्ता. कोंडाबाई."

प्रत्येक नाव ते हळूच उच्चारून बघत होते, आणि दर वेळी थोडं थांबत होते. जयपॉल दारातून निघून गेला. उजेड भिंतीवरून उतरून फरशीवर आला.

"राहीबाई," भाग्यलक्ष्मी म्हणाली. "चंद्रभागा."

"चं-द्र-भागा," ह्यू म्हणाले.