नाकावरचं फडकं

रुपरावला मुकादम केल्याचं कळलं, तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड झाला. चौदा वर्षं भट्टीपुढं उभं राहून शिसं वितळवलं मी, आणि मुकादम कोण, तर पॅकिंगच्या खोलीत सावलीला बसून शेंदराच्या पुड्या भरणारा रुपराव!

आमचा शेंदराचा कारखाना सक्करदऱ्याच्या पुढं होता. शिसं भाजून भाजून त्याचा शेंदूर व्हायचा आणि गांधीबागेतल्या व्यापाऱ्यांकडून गावोगावच्या मारुतीला जायचा. चौऱ्याऐंशीच्या दिवाळीला कारखाना बंद पडला. पुढच्या वर्षी जागा घेणाऱ्यानं तिथं घरं बांधायचं ठरवलं, तेव्हा सरकारी प्रयोगशाळेतून उत्तराबाई नावाच्या मॅडम माती तपासायला आल्या. मातीत शिसं मुरलंय, ते विष आहे, आवारातली हातभर माती खरवडून सिमेंटच्या खड्ड्यात पुरल्याशिवाय इथं एक वीट लावता येणार नाही, असं त्यांनी बजावलं. आम्ही गालातल्या गालात हसलो. देवाच्या अंगाला लागतो तो शेंदूर माणसाला काय करणार!

हसला नाही तो एकटा रुपराव. म्हणून तर माती काढायला आम्हा जुन्या कामगारांनाच लावलं, तेव्हा तो मुकादम झाला. जमिनीवर पाणी मारल्याशिवाय फावडं लावू द्यायचा नाही आणि नाकाला फडकं बांधल्याशिवाय कुणाला फाटकातून आत घ्यायचा नाही. "चंपतरावभाऊ, फडकं वर घ्या जी," असं मला दिवसातून दहादा सांगायचा, तेही हसतमुखानं. त्याचं हसणंच मला झोंबायचं.

आता खरं सांगतो. मुकादमकी हे निमित्त झालं, माझं पोट आधीपासून दुखत होतं. माझी बायको गोपिका त्याच पॅकिंगच्या खोलीत पाच वर्षं कामाला होती. संध्याकाळी कोपरापर्यंत लाल होऊन यायची आणि भाकर थापता थापता सुरू व्हायची, "रुपरावभाऊ आज असं म्हणत होते, रुपरावभाऊनं तसं केलं." भाऊ म्हटलं की झालं का? आमच्या घरी जेवायला दोघं बसायचो आणि तिसऱ्याचंच नाव निघायचं. माझ्याशी ती कधी तेवढं हसून बोलली नाही. अर्थात, मीही तसं काही बोललो नव्हतो म्हणा.

एकदा ती हिरव्या काठाचं कोरं फडकं घेऊन आली. "रुपरावभाऊनं देल्लं. भुकटी नाकात जाते म्हणते, बांधून काम करा. चौघीजणींले देल्लं त्यायनं." चौघींना दिलं, हे माझ्या कानात शिरलंच नाही. त्यानं दिलं, एवढंच ऐकू आलं.

"मारुतीच्या शेंदरापुढं नाक बांधतं काय वं?" मी ओरडलो. "देवाचा वास येते काय तुले?" आणि फडकं उचलून चुलीत घातलं. मारुतीचा त्यात काडीचा संबंध नव्हता. रुपरावनं दिलेलं कापड माझ्या बायकोच्या तोंडाला लागलेलं मला खपत नव्हतं. पुढं तीन वर्षं कारखाना चालला. तिनं नाकाला फडकं बांधलं नाही.

बंद पडण्याच्या सुमारास तिचे हात दुखायला लागले. मग भाकर परातीतून उचलेना. वैद्यानं वात सांगितला, तेल दिलं. तरी माती उपसायच्या कामाला बायका घेताहेत म्हटल्यावर ती हटून बसली. "बाकीच्या येऊन राहिल्या, मीच काहून नाही?" नाही म्हणायचं तर रुपरावचं कारण सांगावं लागलं असतं, म्हणून हो म्हणालो.

मॅडमनी सगळ्यांचं रक्त तपासायला मुंबईला पाठवलं. रिपोर्ट येईपर्यंत बायकांनी फाटकाबाहेर बसून माती भरायची पोती शिवायची होती. तिसऱ्या दिवशी मी फावडं खांद्यावर टाकून बाहेर आलो, तर रुपराव गोपिकेपुढं उकिडवा बसून तिच्या सुईत सुतळी ओवून देत होता.

मला पाहून तो उठून आला. "चंपतरावभाऊ, वहिनीचा हात पाहिला काय? मनगटच उचलत नाही जी. हा वात नाही दिसत." माझ्या बायकोच्या हाताकडं तू काहून पाहून राहिला गा, हे अगदी ओठांवर आलं होतं. ते गिळलं आणि पाण्याच्या टाकीकडं चालता झालो. त्यानं सांगितलं ते खरं होतं की नाही, याचा विचारही केला नाही.

पंधरा दिवसांनी रिपोर्ट आले. मॅडमनी फाटकाशी खुर्ची टाकून एकेकाला सांगितलं. रुपरावच्या रक्तात शिसं थोडं, माझ्यात त्याहून बरंच जास्त. इथंही तोच सरस, असं माझ्या मनात आलं. मग गोपिकेचा कागद. मॅडमनी तो दोनदा वाचला. आकडा सगळ्यांहून मोठा होता.

"हातांचं दुखणं शिशाचंच आहे," त्या म्हणाल्या. "यांना कामावर घेता येणार नाही. उद्याच मोठ्या दवाखान्यात न्या. एकाच खोलीत काम केलं तुम्ही आणि रुपरावांनी. तुम्ही नाकाला फडकं बांधत नव्हता का?"

"नाही जी."

"का?"

गोपिका खाली बघत म्हणाली, "गुदमरल्यासारखं होत होतं."

घरी जाताना मी सायकल हातात धरून तिच्या बाजूनं चालत होतो. सक्करदऱ्याच्या तळ्यापाशी आल्यावर विचारलं, "खोटं काहून बोलली वं?"

"रुपरावभाऊ तिथं उभे होते ना. ते तुमाले लय मोठा माणूस समजते. त्यायले कसं सांगू का माह्या नवऱ्यानं फडकं जाळलं?" ती थांबली. "मले लाज वाटली जी. माही नाही, तुमची."

दुसऱ्या दिवशी कारखान्यात कसं काम चालायचं ते डॉक्टरांना नीट सांगता यावं म्हणून मॅडमनी रुपरावला आमच्यासोबत पाठवलं. तपासणी झाल्यावर डॉक्टरांनी तोच प्रश्न विचारला. गोपिकेनं गुदमरण्याचं सांगायला तोंड उघडलं.

"खोटं आहे ते," मी म्हणालो. "मीच बांधू नाही देल्लं, साहेब. फडकं यानं देल्लं होतं. अन् हा माणूस मले पाहवत नव्हता."

डॉक्टर लिहायचे थांबले. रुपराव आधी माझ्याकडं आणि मग गोपिकेच्या लोंबत्या हातांकडं बघत राहिला.

"मी?" तो म्हणाला. "मी काय केलं होतं जी?"