आईचं घुबड

आदल्या दिवशीही आई नेहमीसारखीच कावलेली होती. चष्मा कपाळावर, चहा निवत चाललेला, नजर पडद्यावर. "आलं परत घुबड," ती पुटपुटली. "मेल्याला दुसरा उद्योग नाही."

घुबड म्हणजे तिच्या प्रोग्राममधल्या चुका शोधून कळवणारं कुणीतरी अनोळखी. प्रोग्राम छोटासाच, दवाखान्यांतले अहवाल पाठवण्याआधी त्यांना कुलूप घालणारा. नोकरी संपल्यावरही आई तो फुकट सांभाळत होती, आणि त्याची ओळ न् ओळ इंटरनेटवर कुणालाही वाचायला खुली होती.

"दार सताड उघडं टाकलंस, मग घुबडं शिरणारच," लेक म्हणाली. तीही एका कंपनीत असलेच प्रोग्राम लिहायची, पण तिथला कोड बाहेरच्या कुणाच्या नजरेस पडत नसे.

"आणि तुमची ती झाकली मूठ? आत काय सडलंय ते चोराला आधी कळतं, मालकाला मागाहून."

"चोर तुझाही कोड वाचतो, आई."

"वाचू दे. घुबडही वाचतं. कुलपाची वापरून झालेली किल्ली मी मेमरीतून पुसतच नव्हते, ते आज त्यानंच दाखवलं, बघ. इतक्या वर्षांत मला दिसलं नाही."

"हेच मी सांगितलं असतं तर?"

"तू सांगितलं असतंस तर भांडलो असतो."

दोघी हसल्या. लेक चहा गरम करायला उठली.

सकाळी आई उठलीच नाही.

माणसं आली, गेली. घर रिकामं झाल्यावर एका दुपारी लेक आईच्या खुर्चीत बसली. प्रोग्रामच्या पानावर कुणीतरी विचारलं होतं, हा कोड आता कोण बघतंय? उत्तर कुणीच दिलं नव्हतं. कितीतरी दवाखाने त्यावर विसंबून होते. उघडं आहे म्हणजे कुणी ना कुणी बघतच असेल, असं ज्याला त्याला वाटत आलं होतं. बघणारी दोघंच होती, आई आणि घुबड.

तिला फार थकल्यासारखं झालं. तरी तिने लिहिलं, "मी बघते." खाली या वेळी टोपणनाव घातलं नाही, स्वतःचं नाव घातलं.

मग ती रिकाम्या खोलीत म्हणाली, "आई, ते घुबड मीच गं. चुका काढायचं निमित्त होतं. तू लिहिलेलं वाचायला मला आवडायचं."