फाटकाशी उभा राहिलेला हात

लुइझियानातल्या त्या भातशेतीच्या मुलखात उपवासाचे चाळीस दिवस सुरू होण्याच्या आदल्या दिवशी, म्हणजे मार्दी ग्राला, गावचे पुरुष मुखवटे चढवून रश्श्यासाठी कोंबड्या मागत दारोदार हिंडतात. कॅप्टन मात्र तोंड झाकत नाही. त्याने पांढरं निशाण उंच धरून फाटकाशी अदबीने विचारायचं, होकार आला की निशाण खाली, आणि मग बाकीच्यांचा धुमाकूळ संपेपर्यंत ते पुन्हा उंच धरून फाटकाशीच थांबायचं. ओझेमेने चोविसाव्या वर्षी बापाच्या हातून हे निशाण घेतलं आणि चाळीस वर्षं तो उघड्या तोंडाने फाटकाफाटकाशी उभा राहिला.

एलमीरच्या दारात हे त्याला फार जड जायचं. मुखवटेवाले तिचा हात धरून नाचायचे, तीही हसत नाचायची. कोण ते कळतच नाही म्हटल्यावर लाज कसली? ओझेमेला तिच्याबरोबर एकदा नाचायचं होतं, बस्स. पण उघड्या तोंडाने तेवढी हिंमत त्याच्यात नव्हती. तिच्या बापाने घरजावई आणला, यानेही लग्न केलं, यथावकाश दोघांचे जोडीदार देवाघरी गेले, तरी हा गडी आपला फाटकाशीच.

यंदा गुडघ्यांनी असहकार पुकारला आणि निशाण पुतण्याकडे, रेमीकडे गेलं. ओझेमेने कुणाला न सांगता जाळीचा मुखवटा केला, त्याला लाल नाक शिवलं, चिंध्यांचा झगा आणि उंच टोकदार टोपी चढवली, आणि सकाळी ट्रॅक्टरमागच्या गाडीत जाऊन बसला.

"हा म्हातारा कोण रे?"

"म्हातारा कशावरून?"

"चढताना 'आई गं' म्हणाला."

ओझेमेने बायकी आवाजात शिवी हासडली. सगळे खूश झाले.

दुपारी एलमीरचं घर आलं. रेमीने निशाण उंचावलं. "मावशी, आत घेणार का आम्हाला?"

"या. पण माझ्या गुलाबांत शिरलात तर तंगड्या मोडीन."

निशाण खाली आलं. पोरं आरोळ्या ठोकत आत घुसली. ओझेमे मात्र फाटकाशी ताठ उभा राहिला, उजवा हात वर, रिकामी मूठ घट्ट. चाळीस वर्षांची सवय. त्याच्या लक्षात आलं तोवर उशीर झाला होता.

"थांबा रे," कुणीतरी म्हणालं, "हा हात माझ्या ओळखीचा आहे."

ओळखलं गेलं की मुखवटा उतरवायचा, अशी त्यांच्यात रीत.

एलमीर पायऱ्या उतरून आली. त्या हाताकडे तिने बराच वेळ पाहिलं.

"कसला ओळखीचा?" ती मोठ्याने म्हणाली. "हा माझा टेक्सासचा मावसभाऊ. जन्माचा वेंधळा. तुम्ही कोंबडा बघा, पळाला तिकडे."

एलमीरचं टेक्सासात कुणीही नव्हतं, हे ओझेमेला पक्कं ठाऊक होतं.

पोरं कोंबड्यामागे धावली. ओसरीवर कुणीतरी नाचासाठी फिडल वाजवायला घेतलं. एलमीरने त्याची वर राहिलेली मूठ धरून खाली आणली, उघडली आणि आपला हात तीत ठेवला. गुडघा करकरला, पण तो नाचला. काहीतरी सांगायला त्याने तोंड उघडलं.

"बोलू नकोस," ती हळूच म्हणाली. "बोललास तर मला तुला ओळखावं लागेल."

जाळीआड त्याचे डोळे वाहत होते. तो बोलला नाही.