हजारात सात

त्या बाईच्या पत्राला मी अकरा महिने उत्तर दिलं नव्हतं. विसरलो असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. पण रोज सकाळी टेबलाचा खण उघडला की ते दिसायचं आणि मी खण लावून टाकायचो.

तिच्या मुलाची लघवीची वाट जन्मतःच टोकाऐवजी खालच्या बाजूला उघडत होती. ऑपरेशन झालं, मुलगा आता ठणठणीत आहे. पण ती डोंगराकडची, सासर बंदराकडचं. दिराला कुठून तरी आमच्या इस्पितळाचा जुना अहवाल मिळाला. त्यात छापलं होतं : हा दोष डोंगराकडच्या लोकांत हजार मुलग्यांमागे सात, बंदराकडच्यांत दोन. तेव्हापासून सासूबाई म्हणतात, हे तुझ्या माहेरचं रक्त. आता दुसरं मूल नको, असं नवराही म्हणू लागलाय. शेवटी तिने लिहिलं होतं, 'अहवालात आकडे जुळवणारे म्हणून तुमचं नाव आहे. हे खरं आहे का, एवढंच लेखी कळवा.'

नोंदणी विभागात मी चौतीस वर्षं काढली. तो तक्ता माझाच. बेरीज चुकलेली नव्हती. चूक बेरजेच्या आधीच झाली होती. डोंगरवाटेवरच्या प्रसूतिगृहात थोरली सिस्टर प्रत्येक मुलगा खिडकीपाशी नेऊन तपासायची आणि छिद्र केसभर सरकलेलं असलं तरी लिहून ठेवायची. बंदरातल्या प्रसूतिगृहात फक्त ऑपरेशनला धाडलेल्या मुलांची नोंद व्हायची. हे मला तेव्हाच दिसलं होतं. कागद घेऊन मी मोठ्या डॉक्टरांच्या दारात उभा राहिलो, घसा खाकरला. त्यांनी वर न बघता विचारलं, बेरीज बरोबर आहे ना? मी हो म्हणालो आणि परत फिरलो.

परवा खण आवरताना बायकोने ते पत्र वाचलं.

"अहो, जन्मभर दुसऱ्यांच्या नोंदी केल्यात. या बाईला चार ओळी लिहायला काय धाड भरलीय?"

मी तिला सिस्टरच्या नोंदींचं सांगितलं आणि म्हटलं, मी काही डॉक्टर नाही. शिवाय इतक्या वर्षांनी आठवणीचा भरवसा काय.

"मग त्या सिस्टरला विचारा. जिवंत आहे ती. तुमच्यापेक्षा जास्तच."

सिस्टर भाचीकडे तिसऱ्या मजल्यावर राहते. जिन्यात मी दोनदा बसलो. तिला सगळं सांगितलं. तुमच्या हजारांतली ऑपरेशनला किती जायची, असं विचारल्यावर तिने बराच वेळ आठवून सांगितलं, दोन, फार तर तीन. म्हणजे बंदराइतकीच. मग तिने चष्मा काढला.

"म्हणजे मी नीट बघितलं, म्हणून ती पोरं जास्त बिघडलेली ठरली?"

"तुमच्यामुळे नाही. मला ठाऊक होतं, मी बोललो नाही."

"मग माझ्यापुढे काय मान खाली घालताय, भाऊ? तिला लिहा."

तीन मसुदे फाडले. प्रत्येकात माझंच रडगाणं जास्त होतं. चौथ्यात एवढंच राहिलं : 'तक्ता मी केला. त्यातला फरक तपासण्याच्या पद्धतीतला आहे. लोकालोकांत या दोषाचं प्रमाण कमीजास्त असूही शकेल; पण आमचा तक्ता त्याचा पुरावा नाही. हे मला त्याच वेळी कळलं होतं आणि मी गप्प बसलो. दुसऱ्या मुलाबद्दल ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांना विचारा, दिराच्या अहवालाला नको. हे पत्र घरात सगळ्यांना दाखवा.' खाली पूर्ण नाव आणि जुना हुद्दा.

अकरा महिन्यांत तिच्या घरी काय ठरून गेलं असेल, या विचाराने पोस्टापर्यंतची वाट संपता संपेना. खिडकीतल्या कारकुनाने विचारलं, साधं की रजिस्टर? रजिस्टर, मी म्हणालो. त्याने शिक्का मारला, पावती माझ्यापुढे सरकवली आणि पाकीट मागच्या पोत्यात टाकलं.