तारीख नसलेली चिठ्ठी

माझं काम दुसऱ्यांचं बोलणं इकडून तिकडे पोचवायचं. हाडांच्या दवाखान्यात दुसऱ्या मजल्यावर सात नंबरची खोली आहे. तिथे डॉक्टर टेबलामागे, पेशंट समोर आणि मी कडेला एका डुगडुगणाऱ्या स्टुलावर. डॉक्टरांना इंग्रजीशिवाय काही येत नाही, पेशंटना नेमकं तेच येत नाही आणि मला दोन्ही येतं, म्हणून मला पगार मिळतो. नियम एकच. जेवढं बोललं गेलं तेवढंच सांगायचं, पदरचं काही घालायचं नाही. बावीस वर्षांत मी तो एकदाच मोडला.

आधी इंग्रजी बोलणाऱ्या माणसांबद्दल थोडं सांगते. उद्याची गोष्ट निघाली की ही माणसं आधी स्वतःला मध्ये आणून उभी करतात. 'हात बरा होईल' असं सरळ म्हणणार नाहीत. 'आय थिंक' म्हणतील, 'आय एक्स्पेक्ट' म्हणतील, 'आय होप' म्हणतील. सुरुवातीला मला हा निव्वळ पळपुटेपणा वाटायचा आणि माझं डोकं फिरायचं. मग लक्षात आलं की याला पायऱ्या आहेत. 'आय अ‍ॅम शुअर' ऐकलं की पेशंटनं निर्धास्त घरी जावं. 'आय एक्स्पेक्ट' म्हणजे बहुतेक जमलं. 'आय थिंक' म्हणजे त्यांचा कल तिकडे आहे, पण पैज लावणार नाहीत. 'आय होप' म्हणाले की त्यांच्या हातात फारसं काही उरलेलं नसतं, तेही आपल्यासारखेच वाट बघत बसलेले असतात. आणि 'आय अ‍ॅम अफ्रेड' म्हणाले की समजायचं, ते अजिबात घाबरलेले नाहीत, घाबरायची पाळी आपली आहे.

आपलं तसं नसतं. "होईल हो, कशाला काळजी करता," असं आपण कुणालाही सांगून मोकळे होतो. शेजारीण सांगते, लिफ्टवाला सांगतो, ज्याला त्यातलं ओ की ठो कळत नाही तोही सांगतो. मला या आपल्या सवयीचाही राग यायचा.

घड्याळवाले काका आले तेव्हा त्यांचा उजवा हात कोपरापासून बोटांपर्यंत गुंडाळलेला होता. दुकानातली काउंटरची काच बदलताना ती हातातच फुटली आणि तळव्यात खोलवर शिरली. अंगठ्याच्या आणि पहिल्या बोटाच्या शिरा तुटल्या होत्या. ऑपरेशन करून जोडल्या, पण बोटांत संवेदना परत येईल का, चिमट्यात केसाएवढा स्क्रू धरता येईल का, हा प्रश्न होता. घड्याळ दुरुस्त करणाऱ्याच्या बाबतीत दुसरा प्रश्नच नसतो.

मी त्यांना ओळखत होते. जिन्याखालचं त्यांचं दुकान एवढंसं आहे की गिऱ्हाइकानं शिंक दिली तर स्क्रू उडतील. आत आलेल्या प्रत्येक घड्याळाला ते दोऱ्यानं एक कागदाची चिठ्ठी बांधतात. जे नक्की होणार त्याच्या चिठ्ठीवर तारीख. ज्याची खात्री नाही त्याच्यावर नुसतं 'बघतो'. गिऱ्हाईक कितीही मागे लागलं तरी 'बघतो'च्या चिठ्ठीवर तारीख पडत नाही. माझ्या वडिलांचं घड्याळ तीन वर्षं 'बघतो' लिहून त्यांच्या खणात पडून होतं. वडील गेले, मी त्याची आशा सोडली, आणि चौथ्या वर्षी काका स्वतः जिने चढून ते चालू घड्याळ घरी घेऊन आले.

काकू मात्र 'बघतो'वर भागणाऱ्यातल्या नव्हत्या. पहिल्याच भेटीत त्यांनी पर्स मांडीवर घट्ट धरून विचारलं, "ताई, यांना विचारा, हात चालेल की नाही?"

मी विचारलं. डॉक्टरांनी काकांची बोटं हलकेच वाकवून पाहिली आणि म्हणाले, "आय होप सो."

"डॉक्टरांना आशा आहे," मी सांगितलं.

"आशा मलाही आहे," काकू म्हणाल्या. "त्यासाठी एवढं शिकायला कशाला लागतं?"

मला हसू आलं, पण हे काही डॉक्टरांना उद्देशून नव्हतं, असं स्वतःला सांगून मी ते भाषांतरातून गाळलं. नियमाला पहिली चीर तिथेच गेली असावी.

तिसऱ्या भेटीला काकू तयारीनं आल्या होत्या. शेजारच्या मोबाइलवाल्याला जिन्याखालची जागा हवी होती. शुक्रवारी उत्तर द्यायचं होतं. जागा दिली तर घर निर्धास्त चालणार होतं, पण काकांचं चाळीस वर्षांचं दुकान जाणार होतं. नाही दिली आणि हातही नाही चालला, तर दोन्हीकडून हात धुऊन बसायची पाळी. काका टेबलावरच्या घड्याळाकडे बघत होते, ते दोन मिनिटं मागे होतं.

"आज मला आशा-बिशा नको," काकू म्हणाल्या. "हो किंवा नाही. आजच्या आज."

मी सगळं डॉक्टरांना सांगितलं, जागेसकट, शुक्रवारासकट. डॉक्टर चांगला माणूस आहे. त्यांनी काकांचं पहिलं बोट धरलं, टाचणीचं टोक हळूच टेकवलं, काकांचा चेहरा पाहिला, परत टेकवलं. मग बोटावरून नजर न काढता म्हणाले, "आय होप ही विल."

काकू माझ्याकडे बघत होत्या. काका बघत नव्हते. मला वडिलांचं घड्याळ आठवलं, जिने चढून धापा टाकत आलेले काका आठवले, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "होईल म्हणतायत."

काकूंनी पर्स सोडली. भिंतीला डोकं टेकलं आणि डोळे मिटून घेतले. पाचच मिनिटांनी बाहेरच्या पॅसेजमध्ये त्या फोनवर मोबाइलवाल्याला ठणकावून नाही सांगत होत्या, आणि मी आत पुढच्या पेशंटचं नाव चुकीचं वाचत होते. दुपारी डबा उघडला, तसाच बंद केला. मला लाज वाटत होती, आणि खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटत होतं. बावीस वर्षांत पहिल्यांदा मी कुणालातरी स्वतःचं काही दिलं होतं.

सात आठवड्यांनी ते पुन्हा आले. डॉक्टरांनी टाचणी टेकवली, तपासण्यांचे कागद पाहिले, चष्मा काढला. चष्मा काढला तेव्हाच मला कळलं.

"आय अ‍ॅम अफ्रेड..." त्यांनी सुरुवात केली.

मी शब्दन् शब्द सांगितला. अंगठा हलेल. पहिल्या बोटात संवेदना परत येणार नाही. जड कामं जमतील, बारीक जमणार नाहीत.

"असं कसं?" काकू उठून उभ्या राहिल्या. "गेल्या वेळी होईल म्हणाले होते ना? यांच्या शब्दावर मी जागा दिली नाही! विचारा त्यांना!"

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. काकू काय म्हणतायत हे त्यांना सांगणं माझं काम होतं. मी इंग्रजीत सांगितलं, त्या म्हणतायत की गेल्या वेळी तुम्ही होईल म्हणालात. डॉक्टरांच्या कपाळाला आठ्या पडल्या. तेव्हा मी पुढचं सांगितलं, आधी इंग्रजीत, मग मराठीत. "ते तसं म्हणाले नव्हते. त्यांनी आशा आहे एवढंच म्हटलं होतं. 'होईल' मी म्हटलं. माझ्या मनानं."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. काकूंचा आवाज चढला. "तुम्हाला कुणी सांगितलं होतं शहाणपणा करायला? आमचं घर चालायचंय त्याच्यावर! आता त्या माणसानं दुसरीकडे जागा घेतली!"

 त्यात खोटं काय होतं?

"तिला बोलू नकोस," काका म्हणाले. तीन महिन्यांत त्या खोलीत त्यांनी उच्चारलेलं पहिलं पूर्ण वाक्य. "मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"डॉक्टर 'होईल' म्हणाले नाहीत ते. इंग्रजी कशाला यायला हवं? ते बोलताना माझ्या बोटाकडे बघत होते. मी गिऱ्हाइकाला 'बघतो' म्हणतो तेव्हा मीही घड्याळाकडे बघतो, माणसाकडे बघायची हिंमत होत नाही."

काकू मटकन खाली बसल्या. "आणि तुम्ही गप्प बसलात? मी फोन करत होते, तुम्ही शेजारी उभे होतात!"

"हो," काका म्हणाले. "दुकान सोडायचं नव्हतं मला. माझ्या तोंडून निघत नव्हतं. ताईंच्या तोंडून निघालं, मी ते चालू दिलं. दोष द्यायचा तर मला दे."

 डॉक्टर हळूच म्हणाले, काय चाललंय ते मला सांगाल का. मी सांगितलं, एकही शब्द न गाळता. 

काकांनी डाव्या हातानं खिशातून एक लहान डबी काढली, टेबलावर उघडली. आत घड्याळाचे स्क्रू होते, मोहरीहून बारीक, आणि एक चिमटा. चिमटा त्यांनी डाव्याच हातात धरला. पहिला स्क्रू निसटला. दुसरा टेबलाखाली गेला. काकूंनी वाकून शोधायला सुरुवात केली, रडता रडताच. तिसरा स्क्रू चिमट्यात आला, थरथरत वर उचलला गेला आणि डबीच्या झाकणात पडला.

"सात आठवडे रोज करतोय," काका म्हणाले. "ही झोपली की."

"मी झोपलेली नसायची," टेबलाखालून काकू म्हणाल्या. "मला वाटायचं, जुनी घड्याळं पुसत बसलात."

डॉक्टर खुर्ची पुढे ओढून त्या स्क्रूकडे बघत होते. मग त्यांनी माझ्यामार्फत विचारलं, डाव्या हातानं पूर्ण काम जमेल असं त्यांना वाटतं का?

मी काकांना विचारलं. ते लगेच म्हणाले, "जमेल. सांगा त्यांना."

मी तोंड उघडलं आणि थांबले. एकदा माझी जीभ भाजली होती. "काका, 'नक्की जमेल' असं सांगू?"

त्यांनी चिमटा खाली ठेवला. उजव्या हाताच्या बोटाकडे पाहिलं, डाव्याकडे पाहिलं, टेबलाखालून स्क्रू घेऊन उठणाऱ्या काकूंकडे पाहिलं.

"नको," ते डॉक्टरांच्या डोळ्यांत बघत म्हणाले. "तारीख घालू नका. आशा आहे म्हणा."

मी डॉक्टरांकडे वळले. "आणि ताई," काका मागून म्हणाले, "मी त्यांच्याकडे बघून बोललो, हेही सांगा."